वीस बाळंतपणांची वही

इंग्लंडात १९०२ साली सुइणींचा कायदा झाला. त्या कायद्यान्वये जे मध्यवर्ती मंडळ स्थापन झाले, त्याने सुइणीच्या सनदेकरिता काही अटी ठरविल्या. त्यांतील एक अट मोठी साधी होती. उमेदवार स्त्रीने देखरेखीखाली निदान वीस बाळंतपणे पार पाडलेली असावीत. वेणा चालू असता अडलेल्या स्त्रीजवळ बसून तिची तपासणी केलेली असावी, मूल आपल्या हाताने घेतलेले असावे, आणि वीस बाळंतिणींची पुढे दहा दिवसपर्यंत शुश्रूषा केलेली असावी. या सर्वांची नोंद व्हावयाची व तिला शिकविणाराने दुजोरा द्यावयाचा. एवढे झाल्यावर मग परीक्षा.

वीस हा आकडा काही शास्त्राने सिद्ध केलेला नव्हे. परंतु त्यामागे व्यवहारज्ञान होते. पाच बाळंतपणे पाहिलेल्या मुलीला सर्व बाळंतपणे सुखरूपच होतात असे वाटू लागते. विसांपर्यंत पोचता पोचता एखादे पायाळू मूल, एखादी अडकलेली वार, एखादे जन्मतःच न रडणारे अर्भक समोर येण्याचा संभव असतो; आणि अशा वेळी शेजारी जाणती शिक्षिका उभी असली, म्हणजे जे शिक्षण घडते ते कोणत्याही ग्रंथातून घडत नाही. पुढे हाच आकडा आपल्या देशातही आला. भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमात विद्यार्थिनीने स्वतः करावयाच्या स्वाभाविक प्रसूतींची संख्या दीर्घकाळ वीसच राहिली. आकडा तोच, पण त्या आकड्यामागे प्रत्यक्ष काय घडले, वहीत लिहिलेले आणि हाताने केलेले यांचा मेळ कितपत बसला, हाच आपल्याकडील सुईणशिक्षणाच्या दीडशे वर्षांच्या इतिहासातील खरा प्रश्न आहे.

पूर्वी शिक्षणाचा मार्ग आईकडून लेकीकडे व सासूकडून सुनेकडे असा होता. गावची सुईण शेकडो बाळंतपणे केलेली असे. तिच्या हातांना अनुभव पुष्कळ असे, धीर असे, आणि बाळंतिणीला काय बोलावे हे तिला कोणी शिकवावे लागत नसे. तिच्याजवळ नव्हती ती एक गोष्ट म्हणजे न दिसणाऱ्या घाणीची कल्पना. विळ्याने, चाकूने किंवा बांबूच्या चिपेने नाळ कापली जाई, तिच्यावर राख नाही तर शेण लावले जाई, आणि मूल सात-आठ दिवसांचे झाले की दूध ओढीनासे होऊन आकडीने जाई. घरातील माणसे त्याला बाहेरची बाधा समजत. तो धनुर्वात होता. बाळंतिणीचा ताप हे दुसरे संकट. उत्तरेकडे नाळ कापणे हे काम अपवित्र मानून ते समाजाने सर्वांत खालच्या ठरविलेल्या जातींतील स्त्रियांवर टाकले होते. ज्या कामाचा विटाळ मानला जातो, त्या कामाची विद्या कशी वाढावी?

तथापि सगळा दोष अडाणी सुइणीचा आणि सगळा गुण शिकलेल्या डॉक्टरांचा, असा हिशोब मांडणे अन्यायाचे होईल. व्हिएन्ना शहरातील मोठ्या प्रसूतिगृहात दोन विभाग होते. एकात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणीचे काम शिकणाऱ्या स्त्रिया. सूतिकाज्वराने मरणाऱ्या बाळंतिणी पहिल्या विभागात कितीतरी अधिक होत्या. विद्यार्थी शवविच्छेदनाच्या खोलीतून तसेच बाळंतिणीकडे येतात हे कारण सेमेलवाइस या डॉक्टराने ओळखले, १८४७ साली क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली, आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. त्या काळच्या विद्वानांनी त्याची उपेक्षा केली ही गोष्ट निराळी. हात धुण्याची अक्कल शिकलेल्यांनाही शिकवावी लागली होती, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

महाराष्ट्राला या दुःखाची ओळख एका नावामुळे विशेष आहे. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला व तो दहा दिवसांत गेला. पुढे १८८६ साली फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी एम. डी. ही पदवी घेतली. त्याकरिता लिहिलेल्या प्रबंधाचा विषय त्यांनी निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा. १८८७ च्या फेब्रुवारीत त्या निवर्तल्या. ज्या कामाकरिता एवढी विद्या मिळविली, ते त्यांच्या हातून घडावयाचे राहिले.

गावच्या सुइणीलाच शिकवावे, हा प्रयोग पंजाबात प्रथम नेटाने झाला. अमृतसर येथे १८६६ साली दायांचा वर्ग निघाला व पुढे मिस ह्युलेट या मिशनरी बाईंनी तो वर्षानुवर्षे चालविला. १८८५ साली लेडी डफरीन यांच्या नावाचा फंड स्थापन झाला. हिंदी स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळावेत, स्त्रियांची रुग्णालये निघावीत आणि शिकलेल्या परिचारिका व सुइणी तयार व्हाव्यात, असे त्याचे हेतू होते. मुंबईचे कामा रुग्णालय उघडले ते १८८६ साली. परंतु रुग्णालये शहरात आणि बाळंतिणी खेड्यांत, अशी स्थिती असल्यामुळे १९०३ साली लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ शिष्यवृत्तींचा निराळा फंड उभारला गेला. परंपरेने हे काम करणाऱ्या दायांना त्यांच्याच मुलुखात, त्यांच्याच भाषेत शिक्षण द्यावयाचे, हा त्याचा उद्देश होता.

या फंडाने १९१८ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. देशातील निरनिराळ्या भागांत काम करणाऱ्या डॉक्टरांचे व विशेषतः स्त्री-डॉक्टरांचे अनुभव त्यात एकत्र केलेले आहेत. आजही ते वाचण्यासारखे आहे, कारण त्यात यशापेक्षा अडचणींचा पाढा अधिक प्रामाणिकपणे वाचलेला आढळतो. दाई बहुधा वयस्क, निरक्षर. वर्गास येण्यात तिची रोजची मिळकत बुडणार, म्हणून तिला काही वेतन किंवा बक्षीस दिल्याखेरीज ती यावयाची नाही. आली तरी शिकलेले घरी जाऊन पाळीलच याचा भरवसा नाही. वर्गात ती साबणाने हात धुई. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत ना साबण, ना ऊन पाणी, ना तिला पाहणारे कोणी. दाईला शिकवावे की तिला बाजूस सारून नव्या मुली तयार कराव्यात, याविषयी डॉक्टरांत मतभेद होते. पण शिकविल्यानंतर तिच्या कामावर नजर राहिली नाही तर शिक्षण वाया जाते, हे दोन्ही पक्षांच्या अनुभवास आले होते.

नव्या मुली तयार करण्याचा मार्गही सोपा नव्हता. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या प्रयत्नाने सेवासदन उभे राहिले आणि पुढे ससून रुग्णालयात त्या संस्थेच्या विद्यार्थिनींना परिचर्येचे व सुइणीच्या कामाचे शिक्षण मिळू लागले. पांढरपेशा घरातील विधवेने परक्या बाळंतिणीची वार व रक्त हाताळावे ही कल्पनाच त्या काळी पुष्कळांना असह्य होती. तो अडसर रमाबाईंसारख्यांच्या वजनामुळे हळूहळू दूर झाला. विटाळाचे काम विद्येचे काम ठरू लागले, ही लहानसहान गोष्ट नव्हे. अभ्यासक्रम कितीही चांगला आखला, तरी त्या व्यवसायाला मान नसेल तर चांगल्या मुली त्यात येत नाहीत.

इंग्लंडातील कायद्याकडे पुन्हा वळणे येथे जरूर आहे, कारण आपण त्यातील कोणता भाग घेतला आणि कोणता सोडला हे पाहण्यासारखे आहे. कायद्यापूर्वीपासून धंदा करणाऱ्या, चांगल्या वर्तणुकीच्या सुइणींना तेथे परीक्षेवाचून पटावर घेतले होते. मात्र पटावर आली ती प्रत्येक सुईण स्थानिक अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली आली. निरीक्षक तिच्या घरी जात, तिची पिशवी उघडून पाहत, तिची नोंदवही तपासत. शिक्षणाची मुदत प्रथम अवघी तीन महिन्यांची होती. १९१६ साली ती सहा महिन्यांची, १९२६ साली वर्षाची व १९३८ साली, आधी परिचारिका नसलेल्या स्त्रीसाठी, दोन वर्षांची झाली. म्हणजे दर पायरीला वेळ वाढत गेला. आपल्याकडे मद्रास इलाख्यात १९२६ साली, बंगालमध्ये १९३४ साली व मुंबई इलाख्यात १९३५ साली परिचारिका व सुइणींच्या नोंदणीचे कायदे झाले. सनद आली, पट आला. पण पिशवी उघडून पाहणारा निरीक्षक खेडोपाडी पोचला नाही. सनदेची व्यवस्था झाली, आणि सनदेनंतरच्या कामाची राहिली.

या सर्व उद्योगाचे फलित १९४६ साली भोर समितीच्या अहवालात दिसले. ब्रिटिश हिंदुस्थानात शिकलेल्या सुइणी सुमारे पाच हजार, म्हणजे साठ हजार वस्तीमागे एक. दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे वीस माता मरत असाव्यात, आणि वर्षाला असे मृत्यू सुमारे दोन लक्ष, असा समितीचा अंदाज होता. वीस बाळंतपणांची वही पुरी करणाऱ्या मुली मोजक्या, आणि हजारी मरणाऱ्या माता वीस! पुरेशा सुइणी तयार होईपर्यंत गावच्या दायांना शिकवून काम चालवावे, असे समितीने सुचविले. ही सोय तात्पुरती म्हणून होती. पुढे ती कित्येक दशके टिकली.

१९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. त्यानंतर १९५१ साली पंजाबातील तरनतारन येथील सेंट मेरी रुग्णालयात एक नवा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यातून निघणारी मुलगी म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका, अर्थात एएनएम; खेड्यातील लोकांची नर्सबाई. कल्पना उत्तम होती. फार शिकलेल्या मुली खेड्यात जात नाहीत, तेव्हा थोड्या शिकलेल्या मुलींना दोन वर्षे शिकवावे, आणि त्या शिक्षणाच्या मध्यभागी प्रसूतीचे काम ठेवावे. पहिल्या पिढीतील पुष्कळ नर्सबाई रात्री-अपरात्री कंदील घेऊन वाड्या-वस्त्यांवर जात आणि बाळंतपणे करीत. गावाला त्यांचा आधार वाटे, तो याच कामामुळे.

मग ही बाई हळूहळू निराळीच झाली. १९६६ नंतर कुटुंबनियोजनाच्या कामाला ठरावीक उद्दिष्टे आली. अमुक शस्त्रक्रिया, अमुक तांबी, असे आकडे वरून खाली येऊ लागले. वरिष्ठ विचारीत ते या आकड्यांविषयी. बाळंतपण किती व कसे केले, हे विचारणारे फारसे कोणी नव्हते. १९७३ साली कर्तारसिंग समितीने निरनिराळ्या रोगांसाठी निरनिराळे सेवक ठेवण्याऐवजी सर्व कामे करणारा बहुउद्देशीय सेवक असावा, असे सुचविले. कारभाराच्या दृष्टीने ही सूचना सयुक्तिक होती. त्यानुसार नर्सबाई ‘आरोग्यसेविका’ झाली. लसी, हिवतापाचे नमुने, संततिनियमन, नोंदवह्या, सगळेच तिचे. १९७७ साली प्रवेशाची पात्रता मॅट्रिक केली गेली आणि अभ्यासक्रम चोवीस महिन्यांवरून अठरा महिन्यांवर आणला गेला. विषय वाढले आणि वेळ घटला. शाळेत वेळापत्रक आखणाऱ्या कोणालाही याचा अर्थ तत्काळ उमजेल: जो विषय वेळखाऊ आणि ज्याची घंटा ठरविता येत नाही, तो आधी आक्रसतो. बाळंतपण तर मध्यरात्री येते, आणि बहुधा वसतिगृहापासून दूर येते. शिक्षिकाही आता स्वतः प्रसूतीचे काम वर्षानुवर्षे न केलेल्या असू लागल्या. जिने हात चालविणे सोडले आहे, ती दुसरीचा हात कसा धरणार?

दायांच्या शिक्षणातही याच सुमारास मोठी मोहीम झाली. दर गावामागे निदान एक शिकलेली दाई असावी, असा संकल्प होता. शिक्षण तीस दिवसांचे. आठवड्यातून दोन दिवस केंद्रात धडे व उरलेले चार दिवस आरोग्यसेविकेबरोबर गावात फिरणे. विद्यावेतन तीनशे रुपये. शेवटी दाखला आणि बाळंतपणाच्या सामानाची पेटी. या मुदतीत तिने देखरेखीखाली निदान दोन बाळंतपणे करावीत, असा नियम होता. विसांवरून दोनांवर! दाईला आधीचा अनुभव असतो हे खरे, पण जुनी सवय मोडून नवी लावण्यास दोन प्रसंग पुरे होतात असे मानणे धाडसाचे होते. आणि तेही जिच्या देखरेखीखाली करावयाचे, ती आरोग्यसेविका स्वतःच बाळंतपणापासून दूर जात चालली होती. तरी या मोहिमेला अगदीच निष्फळ म्हणता येणार नाही. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ ही पंचसूत्री आणि गरोदरपणीच धनुर्वाताची लस, यांनी पुष्कळ मुले वाचविली. २०१५ साली माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे मान्य झाले. पण ज्या मातेचा रक्तस्राव थांबत नाही, जिला झटके येतात, तिला पंचसूत्री वाचवू शकत नाही. तेथे औषध हवे आणि ते देणारा शिकलेला हात हवा.

शेजारच्या श्रीलंकेत गोष्टी निराळ्या तऱ्हेने घडल्या. तेथे क्षेत्रात काम करणारी प्रसाविका अठरा महिने शिकलेली असे, ठरावीक वस्तीची जबाबदारी तिच्याकडे असे, आणि तिच्या कामावर वरिष्ठ परिचारिकेची नियमित नजर असे. १९३० च्या दशकात तेथे दर लाख जन्मांमागे दोन हजारांवर माता मरत. १९५० च्या दशकात हा आकडा सुमारे पाचशेवर आला. हिवतापाचे नियंत्रण, मोफत रुग्णालये आणि मुलींचे शिक्षण यांचाही त्यात वाटा आहे, म्हणून सगळे श्रेय एकट्या प्रसाविकेला देणे बरोबर नाही. पण मुदत आपल्या नर्सबाईइतकीच, अठरा महिन्यांची, असता फळ निराळे आले, याचे कारण अभ्यासक्रमाच्या लांबीपेक्षा त्याच्यामागे असलेल्या नजरेत शोधावे लागते.

पुढे जागतिक मतही बदलले. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेने, प्रसाविकांच्या व प्रसूतितज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांसह काढलेल्या निवेदनात ‘कुशल’ या शब्दाची व्याख्या केली. त्या व्याख्येत दाई, शिकलेली असो वा नसो, बसली नाही. भारतात २००५ साली जननी सुरक्षा योजना आली आणि बाळंतपणे घरातून रुग्णालयाकडे वळली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ साली रुग्णालयात होणारी बाळंतपणे शेकडा ३९ होती, ती २०१९-२१ मध्ये शेकडा ८९ च्या घरात गेली. मातामृत्यूचे प्रमाण दर लाख जन्मांमागे २००४-०६ साली २५४ होते, ते २०१८-२० मध्ये ९७ झाले. ही मोठीच मजल आहे. याच काळात आरोग्यसेविकांना रक्तस्राव व झटके यांवरील पहिली औषधे देण्याची मुभा मिळाली, आणि त्यांच्यासाठी तीन आठवड्यांचे उजळणी-शिक्षण निघाले. एके काळी दोन वर्षे शिकविलेले जे पुढे विसरू दिले, ते एकवीस दिवसांत परत आणण्याचा हा यत्न होता.

बाळंतपणे रुग्णालयात आली, तेव्हा विद्यार्थिनींची वही भरणे सोपे व्हावे असे कोणासही वाटेल. तसे झाले नाही. एकाच प्रसूतिकक्षाबाहेर वैद्यकाचे विद्यार्थी आणि परिचर्येच्या निरनिराळ्या अभ्यासक्रमांच्या मुली रांगेने उभ्या. त्यांतच नव्या खासगी परिचर्या विद्यालयांची भर पडत गेली. मूल एक जन्मते आणि त्याची नोंद करू पाहणाऱ्या वह्या अनेक असतात. पाहिलेले बाळंतपण ‘केले’ म्हणून लिहिण्याचा मोह अशा वेळी सुटत नाही, आणि सही करणाऱ्यालाही निकाल चांगला दाखवावयाचा असतो. गुजरातेत शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनींना त्यांच्या कौशल्याविषयी विचारून पाहिले गेले, तेव्हा सनदेच्या उंबरठ्यावर असूनही त्यांतील पुष्कळ जणींना आपल्या हातांचा भरवसा वाटत नव्हता. कागदावर त्यांचा अभ्यास पुरा झालेला होता. या मुलींना दोष देणे निर्दयपणाचे होईल. त्यांना कोणी बाळंतिणीजवळ पुरेसा वेळ उभेच राहू दिले नव्हते.

२०१८ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने प्रसाविका-सेवेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत हा अनुभव जमेस धरलेला दिसतो. नोंदणी झालेल्या आणि प्रसूतिकक्षात निदान दोन वर्षे काम केलेल्या परिचारिकांनाच निवडावे, त्यांना अठरा महिने केवळ प्रसूतीचेच शिक्षण द्यावे, आंतरराष्ट्रीय प्रसाविका संघटनेची मानके लावावीत, आणि शिकून आल्यावर प्रसाविकांच्या देखरेखीखाली चालणारे स्वतंत्र कक्ष त्यांच्या हाती द्यावेत, अशी ही योजना आहे. तेलंगणात २०१७ सालीच हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाच्या साहाय्याने अशा शिक्षणाचा आरंभ झाला होता. या योजनेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे तिने विद्यार्थिनींच्या आधी शिक्षिकांचा विचार केला: प्रथम शिकविणाऱ्या तयार करावयाच्या, आणि त्यांनी वर्गाइतकाच वेळ प्रसूतिकक्षात उभे राहावयाचे. यात संख्या हळू वाढते, आणि संख्या हळू वाढली की कारभारी मंडळींचा धीर सुटतो. याची साक्ष मागील इतिहासात जागोजाग आहे.

२०२३ साली संसदेने परिचर्या व प्रसूतिसेवा आयोगाचा कायदा संमत केला आणि १९४७ च्या कायद्याची जागा घेण्याची तरतूद केली. त्यात शिक्षणसंस्थांची तपासणी व प्रतवारी करण्यासाठी स्वतंत्र मंडळ योजलेले आहे. त्या मंडळाचे तपासनीस इमारतीची लांबीरुंदी आणि ग्रंथालयातील पुस्तके मोजून परततील, की एखाद्या रात्री प्रसूतिकक्षात बसून कोणाच्या हाताने मूल घेतले जाते आणि कोणाच्या वहीत ते लिहिले जाते हेही पाहतील, हे अजून ठरावयाचे आहे.